कोल्हापूरहून गणेशगुडी : कुटुंबासह राफ्टिंग आणि तंबूतील मुक्कामाची तयारी

कोल्हापुरात सहल ठरते ती सुट्टीवरून. दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की दिवस ठरतो, मग गाडी ठरते, मग कोण येणार आणि कोण नाही यावर आठवडाभर चर्चा चालते आणि शेवटी कुणीतरी एकजण आगाऊ पैसे भरून मोकळा होतो. राफ्टिंगच्या, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून (राफ्टमधून) खळाळती नदी उतरण्याच्या, सहलीत हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आपल्याकडच्या ज्या नद्यांवर राफ्टिंग चालते, त्यांत पावसाळा सोडला तर राफ्ट वाहून नेण्याइतके पाणी एरवी नसते. वरच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले, तरच पात्र भरते आणि यंत्रे थांबली की काही तासांत खडक पुन्हा उघडे पडतात.

आम्हाला हे पहिल्या खेपेला माहीत नव्हते. दोन गाड्यांतून अकरा माणसे पहाटे चार वाजता निघालो, नऊच्या सुमारास नदीवर पोहोचलो आणि पाहतो तर पात्रात काळे खडक वाळत पडलेले. ‘आज पाणी सोडलेले नाही’ एवढेच आयोजकाने सांगितले. भरलेले पैसे परत मिळायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. तेव्हापासून आधी पाण्याची चौकशी, मग तारीख आणि सर्वांत शेवटी पैसे असा आमच्या घरचा नियम झाला आहे.

नदी आणि महिना

कोल्हापूरहून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतील अशा राफ्टिंगच्या नद्या तीन आहेत. पहिली कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातली काळी नदी. तिच्यावर गणेशगुडी येथे सुपा धरण आहे. त्याची उंची १०१ मीटर असून पायथ्याशी वीजगृह आहे आणि तेथून सुटणाऱ्या पाण्यावर खालच्या बाजूला राफ्टिंग चालते. लोक सरसकट ‘दांडेलीचे राफ्टिंग’ म्हणतात, परंतु राफ्ट पाण्यात उतरतात त्या गणेशगुडीजवळ. दांडेली गावात मुक्काम घेतला, तर सकाळी सगळ्यांना पुन्हा अर्धा-पाऊण तास गाडीत बसावे लागते, म्हणून जागा निवडतानाच हा फरक लक्षात घ्यावा. दुसरी रायगड जिल्ह्यातली कोलाडची कुंडलिका. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून भिरा येथील वीजगृहात उतरते आणि तेथून कुंडलिकेला मिळते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी राफ्ट हाकतात. तिसरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली म्हादई. तेथे वाळपईजवळ राफ्टिंग होते, मात्र ते केवळ पावसाळ्यात, कारण ते पावसाच्या पाण्यावर चालते.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात काळी नदी निवडावी, असे माझे मत आहे. पावसाळ्यात कुंडलिकेला रंग चढतो यात शंका नाही, पण कोल्हापूरहून कोलाड सुमारे ३०० किलोमीटर पडते आणि त्या दिवसांत कुंभार्ली किंवा आंबेनळी घाट लहान मुलांना घेऊन उतरणे मला पटत नाही. म्हादईला जायचे तर चोर्ला घाट, म्हणजे तीच चिंता. शिवाय भर पावसात तंबूत दोन रात्री काढणे ही हौस कुटुंबातल्या एखाद्याच माणसाला असते आणि इतरांना त्याची शिक्षा भोगावी लागते.

खळाळांना, म्हणजे नदीतल्या वेगाने फेसाळत वाहणाऱ्या पाण्याच्या जागांना, जगभर एक ते सहा अशी श्रेणी देतात. पहिल्या श्रेणीत पाणी नुसते वाहते, दुसऱ्या श्रेणीत लाटा असल्या तरी वाट सरळ असते, तिसऱ्या श्रेणीत लाटा अनियमित येतात आणि राफ्ट वळवून काढावी लागते. चौथ्या श्रेणीपासून पुढचे पाणी अनुभवी माणसांचे असते आणि सहावी श्रेणी जवळजवळ अशक्य मानतात. काळी आणि कुंडलिका या दोन्ही नद्यांवरचे नेहमीचे टप्पे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत. मात्र ही श्रेणी त्या दिवशीच्या पाण्यानुसार बदलते. नेहमीपेक्षा जास्त पाणी सोडले असेल तर ओळखीचा खळाळही वेगळाच वागतो.

फोनवर काय विचारावे

आयोजकाला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. गेल्या आठवड्यात किती दिवस पाणी सुटले, साधारण किती वाजता सुटते आणि पाणी न सुटल्यास पैसे परत मिळणार की दुसरी तारीख मिळणार, हे आधी विचारून उत्तर संदेशाने लेखी मागावे. वीजनिर्मिती मागणीनुसार चालते, म्हणून कोणताही प्रामाणिक आयोजक पाण्याची शंभर टक्के हमी देत नाही. जो छातीठोकपणे हमी देतो, त्याच्याविषयीच मला शंका येते. त्यानंतर एका राफ्टमध्ये किती माणसे बसवतात, प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित गाइड असतो का, सोबत बचावासाठी कयाक (वल्ह्याची लहान, अरुंद होडी) किंवा दुसरी राफ्ट असते का आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नावर ‘सगळ्यांना बसतात तीच बसतील’ असे उत्तर आले, तर फोन ठेवून दुसरा आयोजक शोधावा.

गणेशगुडीला लांब पल्ल्याचे राफ्टिंग आणि अर्ध्या-एक तासाची छोटी फेरी असे दोन प्रकार मिळतात. लांब पल्ल्यासाठी बहुतेक आयोजक १२ किंवा १४ वर्षांची किमान वयोमर्यादा सांगतात. ही मर्यादा मुलाच्या धाडसावर ठरलेली नसून अंगात जॅकेट घट्ट बसणे, वल्हे धरता येणे आणि घाबरल्यावरही सूचना ऐकता येणे यांवर ठरलेली आहे. ‘आमचा बारीक दिसतो, पण दणकट आहे’ असे सांगून वय वाढवून लिहिणारे पालक मी पाहिले आहेत. तसे करू नये.

कोण पाण्यात, कोण काठावर

ही यादी कोल्हापुरात असतानाच, घरात सगळे बसलेले असताना करावी. नदीकाठी ती केली, तर भिडेखातर नको ती माणसे राफ्टमध्ये चढतात. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा फिट येण्याचा त्रास असलेली माणसे, अलीकडे शस्त्रक्रिया झालेली आणि पाठीच्या मणक्याचे दुखणे असलेली माणसे यांनी राफ्टिंग करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. आदल्या रात्री किंवा त्या सकाळी मद्य घेतलेल्या माणसाला, तो कितीही वडीलधारा असला तरी, राफ्टमध्ये बसवू नये, हे मेहुणे मंडळींना आधीच स्पष्ट सांगून ठेवलेले बरे.

काठावर राहणाऱ्यांचा दिवसही ठरवावा लागतो, कारण राफ्ट जेथून सुटते तेथे परत येत नाही. ती काही किलोमीटर खाली दुसऱ्याच ठिकाणी लागते. माझी आत्या पहिल्या यशस्वी सहलीत दोन तास सुरुवातीच्याच घाटावर आमची वाट पाहत बसली होती आणि त्यानंतर दिवसभर ती कुणाशी बोलली नाही. आता आम्ही एक माणूस गाडीसह काठावरच ठेवतो. राफ्ट सुटली की तो मंडळींना घेऊन खालच्या ठिकाणी जातो. सगळ्यांची औषधे, कोरडे कपडे, मोबाइल आणि गाडीची दुसरी किल्ली त्याच्याजवळच असते.

चांगले पोहता येते, ही अडचण

कोल्हापूरचा माणूस पाण्याला भीत नाही. निम्मे शहर पंचगंगेच्या घाटावर नाहीतर कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकले आहे आणि पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या मारणारी मुले तर दर पावसाळ्यात दिसतात. खळाळत्या नदीत नेमकी हीच सवय नडते. विहिरीत किंवा संथ डोहात पोहणारा माणूस पोटावर पोहतो आणि पायाला तळ लागला की उभा राहतो. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न केला, तर पाऊल तळाच्या दोन दगडांत अडकू शकते, मागून येणारे पाणी शरीराला पुढे वाकवते आणि मग कमरेइतक्या पाण्यातही डोके वर काढता येत नाही. पाणी गुडघ्याखाली उतरेपर्यंत किंवा प्रवाह थांबेपर्यंत उभे राहू नये, हा नियम मुलांकडून पाठ करून घ्यावा.

राफ्टमधून पडल्यास पाठीवर झोपावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत, बोटे पाण्याबाहेर दिसली पाहिजेत आणि हात दोन्ही बाजूंना पसरून दिशा सांभाळावी. समोर खडक आला तर तो पायांनी ढकलता येतो. पात्रात आडवे पडलेले झाड आले तर मात्र त्यापासून दूर जाण्यासाठी जिवाच्या आकांताने पोहावे, कारण फांद्यांतून पाणी निघून जाते आणि माणूस अडकतो.

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या खळाळात आमच्या राफ्टमधून दोघे एकाच वेळी पडले. वहिनीला पोहता येत नाही. तिने गाइडने सांगितल्याप्रमाणे पाठीवर पडून नाक वर ठेवले, पायांची बोटे बाहेर काढली आणि पन्नास-साठ मीटर खाली, संथ पाण्याच्या कोपऱ्यात, ती शांतपणे दोरीला लागली. तिचा भाऊ पट्टीचा पोहणारा. तो उलट दिशेने राफ्टकडे पोहू लागला, दमला, उभा राहायला गेला आणि गुडघा फोडून घेतला. सुदैवाने पाऊल अडकले नाही.

याच जोडीला एक स्थानिक गोष्ट सांगतो. येथे परतल्यावर अंगात उत्साह असतो आणि कुणालातरी ट्रकच्या ट्यूबवर पंचगंगेत किंवा भोगावतीत असाच खेळ करावासा वाटतो. आपल्या नद्यांवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपल्यावर त्यांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात आणि भरलेल्या बंधाऱ्यावरून पाणी एकसंध पडद्यासारखे खाली पडते. दिसायला हे पाणी शांत असते, परंतु पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळते. त्या चक्रात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा पडत्या पाण्याखाली ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे लाइफ जॅकेटही त्याला नेहमीसारखे तरंगत ठेवू शकत नाही. खळाळ माणसाला पुढे फेकून देतो, बंधारा धरून ठेवतो. घरच्या नदीवर हा प्रयोग कोणीही करू नये.

जॅकेट, हेल्मेट आणि वल्हे

जॅकेट चढवताना आधी सगळे पट्टे सैल करावेत, मग चेन आणि बक्कल लावावेत, त्यानंतर कमरेचा पट्टा प्रथम आणि छातीचे पट्टे नंतर, अशा क्रमाने खालून वर ओढत यावे. मग दुसऱ्याने मागे उभे राहून खांद्यांवरील पट्टे धरून जॅकेट जोरात वर उचलावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर सैल आहे. माझा तेरा वर्षांचा पुतण्या अंगाने किरकोळ. गाइडने त्याचे बक्कल लावले, पाठीवर थाप मारली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. मी खांद्यांना धरून उचलले, तर जॅकेट थेट कानांवर गेले आणि पोराचा चेहरा आत दिसेनासा झाला. तो हसत होता, पण पाण्यात ते जॅकेट एकटेच वर आले असते. गाइडने काही न बोलता लहान मापाचे आणून दिले. हे तपासणे पालकांनी स्वतः करावे, त्यात कुणाचा अपमान होत नाही. हेल्मेट कपाळ झाकेल इतके पुढे असावे आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात दोनच बोटे जावीत.

वल्ह्याच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. तिच्यावरचा हात कधीही सोडू नये, कारण राफ्ट आदळली की हीच मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. राफ्टिंगमध्ये जखमा होतात त्या पाण्यापेक्षा अशा मुठीने जास्त, असे गाइड मंडळी हसत हसत सांगतात. बसायचे ते राफ्टच्या कडेवर, एक पाऊल तळाच्या फटीत रोवून. ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’ आणि ‘गेट डाउन’ या चार आज्ञा इंग्रजीतच देतात, म्हणून घरातील ज्येष्ठांकडूनही त्या दोन-तीनदा म्हणवून घ्याव्यात. राफ्ट खडकावर चढू लागली तर ‘हाय साइड’ अशी हाक येते. तेव्हा सर्वांनी खडकाच्या बाजूला अंग टाकायचे असते. मन मात्र नेमके उलट सांगत असते.

बचावाची दोरी फेकली गेली तर दोरी धरावी, तिची पिशवी नव्हे. दोरी खांद्यावरून घेऊन पाठीवर वळावे आणि ती हाताला कधीही गुंडाळू नये. राफ्ट उलटून आपण तिच्या खाली सापडलो, तर दोन्ही हात वर करून तिच्या तळाला टेकत एकाच दिशेने सरकत जावे. दोन-चार हातांत बाहेर पडता येते.

धरणाच्या तळातून आलेले पाणी हिवाळ्यात बरेच थंड असते. जीन्स आणि सुती कपडे भिजून जड होतात आणि अंग गारठवतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे घालावेत. चष्म्याला मागे दोरी बांधावी, अंगठ्या आणि मंगळसूत्र काठावरच्या माणसाकडे द्यावे. पायात टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट हवेत. साध्या स्लिपर पहिल्याच खळाळात निघून जातात आणि कोल्हापुरी चप्पल पाण्यात नेणे हा चपलेवर अन्याय आहे. सकाळी पोहे किंवा केळी इतकेच खावे. तर्रीदार मिसळ खाऊन राफ्टमध्ये बसलेल्या माणसाची अवस्था मी पाहिली आहे, तिचे वर्णन येथे करत नाही.

तंबूतील दोन रात्री

गणेशगुडीच्या परिसरात तंबू लावून देणारे कॅम्प आहेत. लहान मुले बरोबर असतील तर स्वतःचा तंबू जंगलात कुठेही ठोकण्याचा विचार सोडून द्यावा. आजूबाजूला व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे आणि तेथे परवानगीविना मुक्काम करणे गुन्हा ठरते. कॅम्पवाल्याने तंबू नदीच्या वाळूवर किंवा पात्रातील बेटावर लावला असेल, तर तो हलवायला लावावा. दृश्य कितीही सुंदर असले तरी धरणाखालच्या नदीत रात्री पाणी वाढू शकते आणि काठावर राहिलेला ओला पट्टा पाहिला की पाणी कुठवर चढते ते समजते. तंबूच्या वर वाळलेली फांदी नसावी आणि दार उताराच्या खालच्या बाजूला असावे.

डिसेंबरात तंबूत थेंब इतके पडले की पहिल्या सकाळी मुले पाऊस आला म्हणून ओरडत उठली होती. तंबूच्या आत पडणारे ते थेंब आमच्याच श्वासाचे होते, कारण थंडीच्या भीतीने आम्ही सगळ्या झडपा बंद केल्या होत्या. वरची एक झडप उघडी ठेवावी आणि थंडीसाठी अंगाखाली जास्त घालावे. अंगावर दोन ब्लँकेट घेऊनही गारठा लागतो तो जमिनीकडून. फोमची चटई आणि त्यावर घरची वाकळ यासारखे दुसरे काही नाही.

मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून तंबूची चेन मुंगीही शिरणार नाही इतकी पूर्ण लावावी, उघड्यावर कोणीही झोपू नये, रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि बूट हवेतच आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये, माणसाला चालवू नये. दंश झालेला भाग स्थिर ठेवून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक कर्नाटकातही चालतात, परंतु जंगलात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. त्यामुळे जवळचे रुग्णालय कोणते आणि रेंज कुठे येते, हे पोहोचल्यावर पहिल्या तासातच कॅम्पवाल्याला विचारून ठेवावे.

भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असा कोल्हापुरी शिधा अर्थातच बरोबर येतो. तो तंबूत ठेवू नये, मुंग्या आणि माकडे दोघांनाही त्याचा वास लागतो. रात्री गाडीत बंद करून ठेवावा. शेकोटी कॅम्पने ठरवून दिलेल्या जागीच करावी आणि झोपण्यापूर्वी राखेत हात घालता येईल इतके पाणी ओतून विझवावी.

जाणे आणि येणे

रस्ता सोपा आहे. कागल, कोगनोळीचा टोल, निपाणी, संकेश्वर करत बेळगाव सुमारे ११० किलोमीटर, तेथून खानापूर, रामनगर आणि जगलबेटमार्गे गणेशगुडी. एकूण अंतर दोनशेच्या आसपास भरते आणि थांबत गेल्यास पाच तास लागतात. रामनगरनंतर जंगलाचा रस्ता असल्याने अंधार पडण्यापूर्वी पोहोचेल असे निघावे आणि डिझेल-पेट्रोल बेळगाव किंवा खानापुरातच भरून घ्यावे. खानापूर-जोयडा पट्ट्यात मराठी आणि कोकणी सर्रास बोलतात, भाषेची अडचण येत नाही. बसने जायचे तर मध्यवर्ती बसस्थानकावरून बेळगावच्या गाड्या भरपूर आहेत. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की या गाड्या अचानक बंद होतात, एवढे लक्षात ठेवून निघण्याच्या दिवशी सकाळी चौकशी करावी.

राफ्टिंग पहिल्या दिवशी ठेवू नये. प्रवासाचा शीण अंगात असतो, शिवाय एखाद्या दिवशी पाणी सुटले नाही तर दुसरा दिवस हाताशी राहतो. शुक्रवारी पोहोचून शनिवारी सकाळी राफ्टिंग केले, तर रविवारची सकाळ राखीव राहते आणि दुपारी निघून रात्री जेवायला घरी येता येते. तंबू स्वतःचा असेल तर तो घरी आल्यावर तसाच गुंडाळून माळ्यावर टाकू नये. दोन दिवस गच्चीवर, शक्यतो सावलीत, आतबाहेर पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर पुढच्या वर्षी उघडल्यावर कापडावर काळ्या बुरशीचे डाग निघतात आणि तो वास काही केल्या जात नाही.